अर्धं फुलपात्र पाणी

दादाला चाळीतून खाली न्यायचं म्हणजे चार पोरं लागायची. लालबागची चाळ, तिसरा माळा, लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या खोल झालेल्या. बाबांनी एका हातवाल्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधून घेतले होते. चार टोकांना चौघं उभी राहायची, दादाला कंबरेशी जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने बांधायची आणि "हं, चला" म्हणून निघायची. तेवढ्यात आई दारातून ओरडायची, "पाचवा हात लावा रे कुणीतरी!"

चौघांनी माणूस उचलायचा तो एकदाच, अखेरचा. आईला ते सहन व्हायचं नाही. म्हणून पाचवं कुणीतरी, बहुतेक वेळा एखादं शेंबडं पोर, खुर्चीच्या पाठीला नुसता तळवा टेकवून सोबत उतरायचं. वजन घ्यायचं नाही, फक्त हात लावायचा. तो पाचवा हात कितीतरी वेळा माझा होता. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ऐकत नाहीत, जीभ पटकन वळत नाही, डोकं मात्र आमच्या घरात सगळ्यांत तल्लख.

गेल्या वर्षी चाळकऱ्यांचं गेट-टुगेदर झालं. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, त्याच्याच पोडियमवरच्या हॉलमध्ये. ती चार पोरं आता साठीला टेकलेली. एकाचे केस गेलेले, एकाची बायपास झालेली. माइक हातात आला तसा एकाला गहिवर आला. "दादाला आम्ही कधी एकटं पडू दिलं नाही. गणपती असो, लग्न असो, खांद्यावर घेऊन उतरलो. ती माणुसकी आता टॉवरमध्ये कुठे राहिली?" सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही. मग दादाने फोन मागितला. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तेवढं त्याचं ऐकतं, त्याने तो एकेक अक्षर दाबतो. वेळ लागला. मग त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरायला लावून वाचायला सांगितलं.

"मी खाली गेलो नाही. तुम्ही नेलंत."

हॉल गप्प झाला. दादा पुन्हा दाबायला लागला. "तुमचे उपकार आहेत. पण मी गेलो नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. कुणाचाही अपमान करण्याचा दादाचा स्वभाव नाही आणि ती चौघं खरंच सोन्यासारखी माणसं. तरी वाक्य खरं होतं. मी बोटांवर मोजत बसले. वर्षाकाठी दहा-बारा वेळा दादा जमिनीवर यायचा. गणपती, दवाखाना, जवळचं लग्न, एखादा सिनेमा. पोरांची पाळी असेल, मॅच असेल, कुणाचं भांडण झालेलं असेल तर नाही. दुपारी चार वाजता सहज वाटलं म्हणून नाक्यापर्यंत जाऊन कटिंग प्यावा, असं त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या ४४ वर्षांत एकदाही झालं नाही. आम्हाला त्याचं खाली उतरणं आठवतं. तो वर किती बसला, ते आमच्यापैकी कुणीच मोजलं नव्हतं.

मोजण्यासारखी आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती. दादा पाणी कमी प्यायचा. आमच्याकडे पितळेचं एक छोटं फुलपात्र होतं, तोंडाशी किंचित चेपलेलं, ते दादाचं. आई ते भरून ओठांना लावायची, अर्धं झालं की दादा मान फिरवायचा. उन्हाळा असो, ताप असो, अर्धंच. "याला तहानच कमी," असं आई सगळ्यांना सांगायची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या माळ्याचे मिळून. बाबांनी सुताराकडून एका स्टुलाला भोक पाडून मोरीत ठेवलं होतं. तिथवर आईने त्याला काखेत धरून ओढत न्यायचं, बसवायचं, आवरायचं, पुन्हा आणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत, पडद्याआड, बाहेर बहीण अभ्यास करतेय, शेजारीण विरजण मागायला आलीये.

किती वर्षांनी कळलं! दादाला मुतखडा झाला, डॉक्टरांनी दिवसाला दोन लिटर पाणी सांगितलं, तेव्हा त्याने बाराखडीच्या पुठ्ठ्यावर एकेका अक्षरावर बोट ठेवत सांगितलं की तहान सगळ्यांना लागते तशीच त्यालाही लागते. आईच्या कमरेसाठी तो नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून हिशेबाने पीत होता. आई हे ऐकून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

पुढे व्हीलचेअरवरच्या इतर लोकांशी ओळखी झाल्या, तेव्हा कळलं की हे दादाचं एकट्याचं नाही. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून पाणी बंद. नोकरी करणाऱ्या मुली ऑफिसात आठ-नऊ तास घोटभर पाण्यावर काढतात. मुंबईत अपंग माणसाला जगणं किती सोपं किंवा अवघड आहे, हे मला कुणी विचारलं तर मी रॅम्प आणि लिफ्ट मोजत नाही. तो माणूस दिवसाला किती पाणी पितो, ते विचारते.

पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. दादा सहा वर्षांचा झाला तेव्हा बाबा त्याला कडेवर घेऊन जवळच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की इतर मुलांवर परिणाम होईल. बाबा मिलमध्ये साचे चालवणारे, साहेबासमोर आवाज न चढवणारे. नमस्कार करून परत आले. हे १९७१ साल. पुढच्याच वर्षी, १९७२मध्ये, मिथू अलूर यांनी कुलाब्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ती संस्था पुढे ओळखली गेली, आता तिचं नाव अडॅप्ट आहे. लालबाग ते कुलाबा अंतर ते किती! पण आम्हाला त्या शाळेचा पत्ता लागला तेव्हा दादा चौदाचा होता, आणि लागला तरी रोज चार पोरं कुठून आणायची? बेस्टची ती उंच पायरी, टॅक्सीचं भाडं, बाबांची पाळी. १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि तो विषयच संपला.

दादाला शिकवलं ते दुसऱ्या माळ्यावरच्या एका निवृत्त गुरुजींनी. शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर त्यांनी बाराखडी लिहिली, अक्षरं मोठी, मध्ये मोकळी जागा ठेवून, म्हणजे बोट घसरलं तरी शेजारच्या अक्षरावर जाणार नाही. कुणी त्यांना हे शिकवलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस दादाच्या हाताकडे बघितलं आणि त्या हाताच्या मापाने पुठ्ठा केला. दादा पेराने अक्षरं दाखवायचा, आपण जुळवायची. गुरुजींनी त्याला पहिला प्रश्न विचारला होता, "तुला काय शिकायचंय?" तोवर घरातल्या आम्ही कुणी दादाला कसलाच प्रश्न विचारला नव्हता. जेवलास का, एवढाच काय तो.

मी पुढे वाचायला लागले तेव्हा ब्रिटनच्या माइक ऑलिव्हर यांचं नाव समोर आलं. ते स्वतः व्हीलचेअरवर होते, समाजशास्त्राचे अभ्यासक. अपंगत्वाकडे बघण्याच्या सामाजिक दृष्टीला त्यांनी १९८३ साली नाव दिलं. म्हणणं साधं आहे. शरीरातली उणीव ही एक गोष्ट, आणि जगाची रचना काही शरीरं वगळून केल्यामुळे होणारी अडवणूक ही दुसरी. पहिलीवर डॉक्टर जमेल तेवढा उपाय करतील. दुसरी माणसांनी उभी केलेली आहे, ती माणसांनाच काढता येते. वाचलं आणि मला तो वाटीसारखा झिजलेला जिना दिसला. आम्ही दादाचे पाय बरे व्हावेत म्हणून किती नवस केले, किती तेलं चोळली. जिन्यासाठी कुणी नवस केला नाही. एवढंच काय, तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती तेव्हा अदलाबदल करून घ्यावी, असं बाबांच्याही मनात आलं नाही. दादाचं न चालणं हे आमच्या घराचं प्रारब्ध आणि ते घरातच निभवायचं, एवढं पक्कं होतं ते.

कायदे आले. उशिरा आले. मी दादाच्या वयाशी ते लावून बघते. पहिला व्यापक कायदा १९९५चा, तेव्हा दादा ३०. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, दादा ४२. अपंगत्वाचे सातच प्रकार मानणारा जुना कायदा जाऊन २१ प्रकार मानणारा २०१६चा कायदा झाला, दादा ५१. सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सगळीकडे सहज जाता-वावरता यावं यासाठीचे नियम हे नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारकच हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला सांगितलं, तेव्हा तो ५९चा होता. या प्रत्येक ओळीमागे अपंग माणसांनी वर्षानुवर्षं केलेली आंदोलनं आणि कोर्टाच्या फेऱ्या आहेत. ज्यांनी ते केलं त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पण दादाला सहाव्या वर्षी हवी असलेली शाळा साठाव्या वर्षी मिळून उपयोग नाही. प्रत्येक वर्षाच्या दिरंगाईत कुणाचं तरी सहावं वर्ष जातं.

टॉवरचा ताबा २०१५ साली मिळाला. त्याच्या दोन वर्षं आधी, संक्रमण शिबिरातच, आई गेली. लिफ्टचं घर तिने बघितलंच नाही. मी भांडुपहून नवऱ्यासकट दादाकडे राहायला आले. सतरावा मजला, समोर समुद्राची एक चिंचोळी पट्टी. लिफ्ट होती दोन. पण लिफ्टच्या लॉबीत शिरायला तीन पायऱ्या होत्या. सहा-सहा इंचांच्या तीन, म्हणजे १८ इंच. बाजूला बिल्डरने रॅम्पही केला होता, सहा फुटांचा. नियम म्हणतो, एक इंच चढायला बारा इंच लांबी. १८ इंचांना १८ फूट हवेत. सहा फुटांच्या त्या उतारावरून दादाची खुर्ची खाली सोडायची म्हणजे घसरगुंडीवरून सोडण्यासारखं होतं. कागदावर रॅम्प होता आणि दादा पुन्हा वरच बसला होता.

चार वर्षं भांडले. खरंच भांडले, चाळीतल्यासारखी. वार्षिक सभेत एकाने विचारलं, एका माणसासाठी एवढा खर्च कशाला, आम्ही सगळे उचलू की! हे तो वाईट मनाने बोलला नाही, हेच तर दुःख आहे. दादा त्या सभेला आला होता. त्याने पुठ्ठा आणला होता, फोन नाही, सगळ्यांना दिसावं म्हणून. त्याने अक्षरं दाखवली आणि मी मोठ्याने जुळवत गेले. "म-ला उ-च-लू न-का."

२०१९मध्ये रॅम्प झाला. मध्ये वळण आणि सपाट जागा घेऊन १८ फूट, दोन्ही बाजूंना कठडा. आता तिथून वीस लिटरचे जार घेऊन पाणीवाला जातो, गॅसवाला सिलिंडर गडगडत नेतो, सफाईवाल्या ताई कचऱ्याचा ड्रम ओढतात, बाळांच्या गाड्या जातात. सभेत सगळ्यांत जास्त विरोध करणाऱ्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या कठड्याला धरून चालतात. मी त्यांना त्यावरून एका शब्दाने बोलले नाही. उलट त्या दिसल्या की थांबते. दादाही थांबतो. घरातला संडासही आम्ही फोडून घेतला. बिल्डरने दोन फुटांचं दार दिलं होतं, खुर्ची २६ इंचांची. चौकट काढून नऊशे मिलिमीटर केली, म्हणजे जवळजवळ तीन फूट. काम झालं त्या संध्याकाळी मी दादासमोर तेच चेपलेलं फुलपात्र काठोकाठ भरून धरलं. अर्ध्यावर त्याने मान फिरवली. जागा रुंद झाली होती, पण गळ्याला लागलेली सवय तशीच होती. पूर्ण फुलपात्र प्यायला त्याला सात-आठ महिने लागले. ते पण घरात. बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून बंद.

रॅम्पसारखीच आणखी एक सोय आहे, तिला सिमेंट लागत नाही. वेळ लागतो. एका बँकेत दादाच्या नावाचं खातं उघडायला गेलो होतो. अधिकाऱ्याने दादाकडे न बघता मला विचारलं, "यांना समजतं का?" दादा उत्तर द्यायला लागला. त्याचं वाक्य जिभेवर यायला मिनिटभर लागतं, मान हलते, हात उडतो, ओठांच्या कडेला लाळ येते. अधिकाऱ्याने दहा सेकंद वाट बघितली असेल. मग मला म्हणाला, "मॅडम, पालकत्वाचा दाखला आणा, मग बघू." ५० वर्षांच्या, रोज अग्रलेख वाचणाऱ्या माणसाचा पालक! ज्याला स्वतःचा निर्णय घेणं खरोखर शक्य नाही त्याच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची तरतूद आहे, ती काही घरांना लागतेही. पण २०१६चा कायदा आधी हे सांगतो की अपंग माणसाला इतरांइतकाच कायदेशीर अधिकार आहे, स्वतःच्या पैशाचा, मालमत्तेचा. जे मिनिटभर थांबत नाहीत ते माणसाला न समजणारा ठरवून मोकळे होतात. आम्ही तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा एका तरुण मुलीने खुर्ची ओढून दादाच्या समोर घेतली, म्हणाली, "सावकाश सांगा, सर." खातं उघडलं.

आता आईबद्दल. तिच्याबद्दल लिहिताना माझा हात अडतो. ती अडुसष्टाव्या वर्षापर्यंत दादाला उचलत होती. तिची पाठ धनुष्यासारखी झाली होती. चाळीत तिला सगळे देवमाणूस म्हणायचे, "धन्य ती माउली" म्हणायचे, हळदीकुंकवाला पहिला मान तिचा. त्यातल्या एकीनेही कधी म्हटलं नाही की आज दुपारी मी बसते दादाजवळ, तू जरा माहेरी जाऊन ये. बांबूच्या टोकाला हात लावायला माणसं मिळत होती, मोरीत नाही. आईच्या ओठावर मरेपर्यंत एकच वाक्य होतं, "माझ्या माघारी याचं काय?" हा प्रश्न मी मुंबईतल्या किती आयांकडून ऐकलाय! थेरपी सेंटरच्या बाकड्यावर, लोकलच्या अपंगांच्या डब्यात, दाखल्याच्या रांगेत. शब्दही तेच. काहीजणी तर म्हणतात, देवाने त्याला माझ्याआधी न्यावं. आईच्या तोंडून हे निघतं, तेव्हा आपण बाकीचे सगळे कुठे होतो, हे विचारायला हवं.

बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथली साधी घरं मनोरुग्णांना आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना शतकानुशतकं घरात ठेवून घेत आली आहेत. माणूस घरच्यांबरोबर जेवतो, कामाला हात लावतो, बाजारात जातो. मला त्यातली माया नवीन वाटली नाही, ती आमच्या चाळीत होती. मला वेगळं वाटलं ते हे, की त्या मायेच्या पाठीशी सरकार उभं असतं. कुटुंबाला पैसे मिळतात, अडचण आली की दवाखान्याची माणसं येतात. जीव लावणाऱ्याला एकटं सोडलेलं नाही.

आम्ही आमच्यापुरतं एक केलं. दादाला दिवसा सांभाळायला ब्युरोतून आलेला मुलगा आता सहा वर्षं आमच्याकडे आहे. तो घरच्यासारखा आहे, असं आम्ही म्हणत नाही. घरच्यासारखा म्हटलं की सुट्टी बुडते आणि पगार रेंगाळतो. त्याची रविवारची सुट्टी ठरलेली, पगार एक तारखेला, आणि उचलायचं कसं ते फिजिओथेरपिस्टकडून त्याला शिकवलं, म्हणजे त्याची पाठ आईसारखी होणार नाही. रविवारी इमारतीतली तीन घरं पाळीने येतात. पाळी लिहिलेला कागद फ्रिजवर असतो. कुणाला जमणार नसेल तर त्याने बदली द्यायची, मिलमध्ये द्यायचे तशी. हे दादानेच सुचवलं.

२०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करायची सोय होती. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई फॉर्म घेऊन घरी आल्या, त्या स्वतः शिक्षिका. दादाने फॉर्म नको म्हटलं. केंद्र कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. १९७१ साली बाबा जिथून नमस्कार करून परत आले, तीच शाळा. इतकी वर्षं तिथली खोली वरच्या मजल्यावर यायची, या वेळी तळमजल्यावर होती. त्याने बाईंना एकच प्रश्न टाइप करून दाखवला, "संडास आहे का? दार किती रुंद?"

बाईंना सांगता आलं नाही. "बघून सांगते," म्हणाल्या आणि गेल्या. असं सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. शाळेतली मोठी लाकडी फूटपट्टी घेऊन त्यांनी स्वतः मोजलं होतं. "दादांना सांगा, ३२ इंच. उंबरा नाहीये. मी तीनदा मोजलं."

२० मेची सकाळ. घामाने जीव नकोसा झालेला. निघायच्या आधी दादाने खुणेने पाणी मागितलं. मी सवयीने फुलपात्र अर्धं भरून नेलं, तर त्याने ओठ मिटून घेतले आणि नळाकडे बघितलं. मी पूर्ण भरून आणलं. तो सगळं प्यायला.

शाळेच्या पायऱ्यांवर प्लायवूडचा रॅम्प टाकला होता. दुसऱ्या दिवशी निघणार, हे दिसतच होतं. वर्गात भिंतीवर पाढे, बाकं एका कडेला रचलेली. मला सोबत जाता आलं असतं, पण दादाने मान हलवली. तो एकटा आत गेला, खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशापाशी लावून दिली आणि सगळे बाजूला झालो. बटणापर्यंत पेर न्यायला त्याला वेळ लागला. मागे रांग होती. कुणी काही बोललं नाही. मग ती लांब बीप वाजली.

बाहेर व्हरांड्यात आलो. बोटाला शाई, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "घरी?" दादाने फोन मागितला. पेर घसरत होतं, तीनदा खोडून त्याने लिहिलं, "३२ इंच कुठे आहे?"

व्हरांड्याच्या टोकाला होतं. मी खुर्ची ढकलत नेली. दारातून ती आत गेली तेव्हा दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जागा उरली.